रांगितोतो बेटावर पहिल्यांदा जाताना

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या पूर्व किनाऱ्यावर कुठेही उभे राहिले, तरी समोरच्या समुद्रात एक रुंद, बसका आणि दोन्ही अंगांना सारखाच उतरत गेलेला काळसर हिरवा डोंगर दिसतो. तोच रांगितोतो. शहरातल्या मुख्य धक्क्यावरून बोटीने जेमतेम २५ मिनिटांवर असलेले हे बेट साधारण साडेपाच किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या माथ्याची उंची २५९ मीटर आहे. सिंहगडाच्या पायथ्यापासून वर जाताना आपण जेवढे चढतो, त्याच्या निम्म्याहूनही हे कमी भरते, त्यामुळे सह्याद्रीत फिरलेला माणूस हा आकडा ऐकून निर्धास्त होतो आणि नेमका तिथेच चुकतो. या बेटावर दमछाक चढणीने होत नाही. तिथे पाणी नाही, काळा दगड उन्हात तव्यासारखा तापतो आणि परतीची शेवटची बोट संध्याकाळी नव्हे तर दुपारीच सुटते. या तीन गोष्टींची तजवीज आधी केली की बाकीचा दिवस बेट पाहण्यासाठी मोकळा राहतो.

हा लेख ऑकलंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी, आणि विशेषतः मुलांकडे काही महिने राहायला आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी आहे. मी या बेटावर आठ-दहा वेळा तरी गेले असेन. पहिल्या खेपेला अर्ध्या लिटरची एकच बाटली बरोबर होती. ती माथा गाठण्याआधीच संपली आणि उतरताना सोबतच्या एका अनोळखी कुटुंबाने दिलेल्या पाण्यावर मी धक्क्यापर्यंत पोहोचले. तयारीबद्दल पुढे जे सांगितले आहे, ते त्या दिवसापासून काटेकोरपणे पाळलेले आहे.

बेट आधी समजून घ्यावे

ऑकलंड शहर सुमारे ५० लहान ज्वालामुखींच्या क्षेत्रावर वसलेले आहे. शहरात ठिकठिकाणी दिसणाऱ्या गोल, हिरव्या टेकड्या त्यांतल्याच आहेत. या साऱ्यांत रांगितोतो सर्वांत मोठा आणि सर्वांत तरुण. त्याचा मुख्य उद्रेक सुमारे ६०० वर्षांपूर्वी झाला, म्हणजे तो इथल्या मूळ रहिवासी माओरी लोकांच्या डोळ्यांदेखत झाला. शेजारच्या मोतुतापू बेटावर राखेच्या दोन थरांच्या मधे माणसांच्या आणि कुत्र्यांच्या पावलांचे ठसे सापडले आहेत. राख पडून गेल्यावर कोणीतरी तिथून चालत गेले आणि पुढच्या राखेने ती पावले झाकून जपली.

या क्षेत्रातले ज्वालामुखी साधारणपणे एकदा जागे होऊन कायमचे शांत होतात. पुढचा उद्रेक कधी झालाच तर तो बहुधा दुसऱ्या ठिकाणी होईल, असे भूशास्त्रज्ञ मानतात आणि या साऱ्या क्षेत्रावर उपकरणांनी सतत लक्ष ठेवले जाते. त्यामुळे रांगितोतोवर जाताना लाव्हा किंवा विषारी वायू यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. माथ्यावर धूर निघत नाही, गंधकाचा वास येत नाही.

महाराष्ट्रातल्या माणसाला इथला दगड ओळखीचाही वाटतो आणि परकाही. सह्याद्रीचा काळा कातळ आणि रांगितोतोचा काळा दगड हे दोन्ही बेसॉल्टच. फरक वयाचा आहे. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यावर माती झाली, नद्यांनी दऱ्या कोरल्या, माणसांनी लेणी आणि टाकी खोदली. रांगितोतोच्या लाव्हाला सहा शतके झाली आहेत, आणि कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात तो काल सकाळी थिजलेला म्हणावा लागेल. तिथे बऱ्याच जागी अजून मातीच नाही. दगडावर जंगल कसे उभे राहते, ते सुरुवातीपासून आणि एकाच दिवसात पाहता येईल अशा जागा जगात फार थोड्या आहेत. ही त्यांतली एक, आणि ती शहराच्या बोटधक्क्यापासून अर्ध्या तासाच्या आत आहे.

नावाबद्दल एक गोष्ट. ते ‘रँगीटोटो’ असे उच्चारू नये. इंग्रजीत ‘ng’ असा लिहिला जाणारा माओरीतला नाद म्हणजे आपल्या वर्णमालेतला ‘ङ’ आहे, ‘वाङ्मय’ म्हणताना येतो तो. आपल्याला तो जन्मतःच येतो, तेव्हा तो नीट उच्चारावा. ‘त’ सुद्धा दंत्यच आहे. ‘ते आरावा’ या नावाच्या नौकेचा नायक तामातेकापुआ या बेटाजवळ झालेल्या लढाईत जखमी झाला, त्याचे रक्त सांडले, त्या दिवसाची आठवण या नावात आहे असे माओरी परंपरा सांगते.

दिवस कसा निवडावा

इथले ऋतू आपल्या उलट आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळा, जून ते ऑगस्ट हा हिवाळा. डिसेंबरात पोहुतुकावाची झाडे लाल फुलांनी भरतात आणि या झाडांचे जगातले सर्वांत मोठे जंगल याच बेटावर आहे, म्हणून बहुतेक लोक त्याच महिन्यात जाण्याचा आग्रह धरतात. फुले बघायची असतील तर जरूर जावे, मात्र पहिल्या बोटीने जावे आणि दुपारचे बारा वाजायच्या आत माथ्यावरून खाली निघावे. न्यूझीलंडमधले ऊन हवा थंड असतानाही त्वचा भाजते. इथल्या उन्हातली अतिनील किरणे तीव्र असतात आणि गार वाऱ्यामुळे ते लक्षात येत नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर सर्वांत चांगला दिवस ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरमधला, आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला. दगड तापलेला नसतो, धूळ बसलेली असते, आणि नेचे उघडलेले असतात. नेचे उघडणे म्हणजे काय ते पुढे येईल. हिवाळ्यातही जाता येते, पण तेव्हा वाट निसरडी असते आणि दिवस लहान असतो. जोराचा वारा असेल तर बेत पुढे ढकलावा, कारण माथ्यावर आडोसा कमी आहे आणि बोटीही रद्द होऊ शकतात.

बोटीचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलते. सोमवार ते शुक्रवार फेऱ्या कमी असतात. म्हणून जाण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा त्या दिवशी सकाळी ते पाहावे, आणि परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ गटातल्या प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये गजर लावून ठेवावी. तिकीट जाण्या-येण्याचे मिळूनच काढावे. शेवटची बोट चुकली तर बेटावर राहण्याची सोय नाही. अशा वेळी खाजगी जलटॅक्सी बोलवावी लागते आणि तिचे भाडे साऱ्या कुटुंबाच्या तिकिटांच्या कितीतरी पट होते. तंबूत मुक्काम करायचा असेल तर त्यासाठी मोतुतापूवरची नेमून दिलेली जागा आहे, पण तो बेत वेगळा आणि त्याची नोंदणीही वेगळी. पहिल्या भेटीत तो करू नये.

पिशवी भरताना

आपल्या गडांवर पाण्याचे टाके सापडतेच, या भरवशावर आपण वाढलेलो असतो. इथे तो भरवसा सोडावा. रांगितोतोवर एकही ओढा वाहत नाही. पडलेला सारा पाऊस भेगांतून आणि फटींतून खाली निघून जातो आणि वर थेंब उरत नाही. पूर्वी या बेटावर सुट्टीची घरे बांधून राहिलेले लोकही छपरावरचे पावसाचे पाणी साठवूनच भागवत असत. दुकान नाही, उपाहारगृह नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही. उन्हाळ्यात प्रत्येक मोठ्या माणसामागे किमान दोन लिटर पाणी हवे, आणि ते ज्याचे त्याच्या पाठीवर असावे. सर्वांचे पाणी एकाच्या पिशवीत ठेवले आणि तो पुढे निघून गेला, की मागच्यांचे हाल होतात.

पायांत जाड आणि ताठ तळव्याचे बंद बूट असावेत. चपला किंवा पातळ तळव्याचे कापडी बूट चालणार नाहीत. लाव्हाचा दगड खरखरीत तर असतोच, शिवाय त्याला काचेच्या तुकड्यांसारख्या धारा असतात. हात टेकून पडले तर तळवा सोलवटून निघतो. म्हणून प्रथमोपचाराच्या पुडीत पट्ट्या आणि जंतुनाशक असावे. रुंद काठाची टोपी, उन्हाचे मलम, पावसाळी जाकीट आणि गुहांसाठी विजेरी, शक्यतो डोक्याला बांधायची, हे सामान उन्हाळा असो की हिवाळा, बरोबर असावेच. फोनचा दिवा गुहेत पुरत नाही आणि तो धरण्यात एक हात अडकून पडतो.

यापुढचे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे, कारण आपल्या लोकांकडून इथे अजाणतेपणी चूक होते. हे बेट आणि त्याला जोडलेले मोतुतापू ही दोन्ही उपद्रवी प्राण्यांपासून मुक्त आहेत. बाहेरून आणलेल्या पोसम आणि वॉलबी या ऑस्ट्रेलियन प्राण्यांनी पोहुतुकावाची पाने खाऊन जंगल खिळखिळे केले होते. १९९० च्या दशकात त्यांना हटवले. नंतर २००९ मध्ये उंदीर, घुशी, रानमांजरे, मुंगसासारखे दिसणारे शिकारी स्टोट, साळिंदरासारखे काटे असलेले हेजहॉग आणि ससे यांच्याविरुद्ध मोठी मोहीम झाली आणि ऑगस्ट २०११ मध्ये ही बेटे उपद्रवमुक्त जाहीर झाली. त्यानंतर दुर्मीळ देशी पक्षी पुन्हा आणून सोडता आले. एका गाभण उंदरीने एखाद्याच्या पिशवीतून बेटावर उतरायचा अवकाश, की हे सारे काम धोक्यात येते.

म्हणून तिथे चेनची, नीट बंद होणारी पिशवी न्यावी, उघडी कापडी किंवा प्लॅस्टिकची पिशवी नेऊ नये. खाणे घट्ट झाकणाच्या डब्यातच भरावे. दशम्या, थालीपीठ, चटणी-भाकरी अशा पदार्थांना आपले डबे उत्तमच. आदल्या रात्री पिशवी पूर्ण रिकामी करून झटकावी. गॅरेजमध्ये पडून असलेल्या पिशवीत मुंग्या, लहान सरडे किंवा गवताचे बी दडून बसते. बुटांच्या तळव्यांतली माती काडीने काढून ब्रशने घासावी, आणि मोज्यांना, नाड्यांना, वेल्क्रोला चिकटलेली कुसळे वेचून काढावीत. धक्क्यावर बूट पुसण्याची सोय आहे, पण खरी सफाई घरीच होते.

आंब्याची कोय, चिंचोके, खजुराच्या बिया, संत्र्याची साले, शेंगांची टरफले ही ‘नैसर्गिक आहेत, कुजून जातील’ असे म्हणून झुडपात टाकू नयेत. बेटावर कचरापेटी नाही. जे नेले ते सारे, टिश्यूच्या कागदासह, परत आणावे. समुद्र दिसला की फुले आणि नारळ वाहण्याची ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी ते इथे करू नये. घरूनच नमस्कार करून निघावे. आठवण म्हणून दगडही उचलून आणू नये. तिथे कुत्र्याला बंदी आहे, आणि आग पेटवणे, शेगडी लावणे यालाही मनाई आहे. मातीच नसलेल्या जागी वाळलेल्या पानांचा थर हेच सारे धन असते, आणि ते एका ठिणगीने जाते.

धक्क्यावर उतरल्यावर

उतरताच सारी बोट लगबगीने माथ्याकडे निघते. पाच-दहा मिनिटे थांबावे. धक्क्याजवळच स्वच्छतागृह आहे, ते वापरून घ्यावे, कारण पुढे ती मोजक्याच ठिकाणी आहेत. फलकावरच्या नकाशाचे छायाचित्र काढावे. परतीच्या बोटीची वेळ तिथेही लिहिलेली असेल तर आपल्याजवळच्या वेळेशी ताडून पाहावी. तोवर गर्दी पुढे जाते आणि वाट शांत होते.

याच ठिकाणी किनाऱ्याच्या कडेला तिवराची झाडे पाहावीत. तिवर म्हणजे चिखल असेच समीकरण कोकणात पाहिलेले असते. इथे ते उघड्या लाव्हावर, फटीत मुळे रोवून उभे आहेत. ही आपल्या खाड्यांमधल्या तिवराचीच जात आहे, उपजात तेवढी निराळी. माझ्या बाबांनी साताऱ्याहून आल्यावर पहिल्यांदा हे पाहिले, तेव्हा ते कितीतरी वेळ त्या झाडाच्या बुंध्याशी वाकून माती शोधत होते.

धक्क्याच्या आसपास लाकडी, रंगवलेली छोटी घरेही दिसतील. १९२० आणि १९३० च्या दशकांत ऑकलंडच्या साध्या कुटुंबांनी सुट्टीसाठी ती बांधली. एकेकाळी अशी सुमारे १४० घरे होती. १९३७ मध्ये नवी घरे बांधण्यास बंदी आली आणि पुढे बरीच पाडली गेली. उरलेल्यांपैकी एक संग्रहालय म्हणून जपलेले आहे. बेटावरचे रस्ते १९२५ ते १९३६ या काळात कैद्यांकडून बांधून घेतले. त्या रस्त्यांच्या कडांना हातांनी रचलेला दगड पाहिला, की ते काम उन्हात कसे झाले असेल याची कल्पना येते. सरकारने हे अख्खे बेट १८५४ मध्ये अवघ्या १५ पौंडांना विकत घेतले होते.

माथ्याची वाट

धक्क्यापासून माथ्यापर्यंतची वाट साधारण एका तासाची आहे. तिला खुणा नीट आहेत आणि चुकण्यासारखी ती नाही, पण ती सोडून लाव्हावर पाय ठेवू नये. दिसायला भक्कम वाटणारा दगड आतून पोकळ असू शकतो, त्याचा पापुद्रा मोडला की पाय गुडघ्यापर्यंत आत जातो, आणि त्यावर शतकभर वाढलेले शेवाळही एका पावलाने निघून येते.

सुरुवातीचा मोठा भाग जवळजवळ सपाट म्हणावा इतक्या सावकाश चढणीचा आहे. पातळ लाव्हा दूरवर वाहत गेल्यामुळे डोंगराला असा ढालीसारखा आकार येतो. या टप्प्यात घाई करणारा माणूस पुढच्या खऱ्या चढणीवर थकतो. शिवाय पाहण्यासारखे सर्वांत जास्त इथेच आहे.

दोन्ही बाजूंना काळ्या, धारदार ढेकळांची मैदाने लागतात. नांगरलेली काळी जमीन भर उन्हाळ्यात जशी दिसते, तशी ती दुरून दिसतात. ही ढेकळे पृष्ठभाग थिजत असताना खालचा लाव्हा पुढे सरकत राहिल्यामुळे फुटून झालेली आहेत. काही ठिकाणी मात्र गुळगुळीत, दोरखंडाच्या वळ्यांसारखा दगडही दिसतो. असाच वळ्यांचा दगड पश्चिम महाराष्ट्रातल्या लाव्हाथरांतही सापडतो, तेव्हा ज्यांनी तो तिथे पाहिला असेल त्यांना इथे त्याचे बालपण पाहायला मिळेल.

आता एका ढेकळाशी वाकून बघावे. त्यावर राखाडी, कडक, झालरीसारखे जे चिकटलेले आहे ते दगडफूल. आपल्या गोड्या मसाल्यात पडते त्याचेच हे भाऊबंद. उघड्या लाव्हावर वस्ती करायला सर्वांत आधी येणाऱ्यांत ते असते, आणि त्याच्याबरोबर शेवाळ. नंतर एखाद्या फटीत पोहुतुकावाचे केसासारखे बारीक बी वाऱ्याने येऊन पडते आणि मातीवाचून रुजते. हे झाड जांभूळ आणि पेरू यांच्या कुळातले आहे. त्याचे फूल म्हणजे जामाच्या फुलासारखा पुंकेसरांचा झुबका, फक्त रंग लालभडक. झाड वाढले की त्याच्या सावलीत दगड थंड राहतो, पाने गळून कुजतात, आणि त्या मूठभर काळ्या चुऱ्यात दुसऱ्या वनस्पतींची बिये रुजतात. म्हणूनच उघड्या लाव्हात मधेमधे हिरव्या झाडांची गोल बेटे दिसतात, प्रत्येकाच्या मधोमध एक थोराड पोहुतुकावा. ही बेटे पसरत एकमेकांना मिळाली की जंगल होते. धक्क्यापासून माथ्यापर्यंत या साऱ्या पायऱ्या वाटेच्या कडेलाच आहेत, आणि आज बेटावर २०० हून अधिक जातींच्या वनस्पती आहेत.

या वाटेवरून एक छोटी वाट मूत्रपिंडाच्या आकाराच्या नेच्याच्या राईत जाते. ती चुकवू नये. हा नेचा एरवी दमट, गर्द जंगलात वाढतो, इथे तो झाडांच्या सावलीत लाव्हावर आहे. त्याचे पान अखंड, गोलसर आणि इतके पातळ की उजेड आरपार दिसतो. उन्हाळ्यातल्या कोरड्या दुपारी ही पाने सुरकुतून, आक्रसून, मेल्यासारखी पडलेली असतात आणि नवखा माणूस ती वाळली असे समजून पुढे जातो. पाऊस पडला की तीच पाने पुन्हा उलगडतात. एका खेपेला पाऊस सुरू झाला तेव्हा मी या राईतच होते. जाकिटाची टोपी ओढून तिथेच थांबले, आणि एक पान डोळ्यांसमोर धरल्यासारखे पाहत राहिले. कडेची चुणी आधी सुटली, मग मधला भाग हळूहळू ताणला गेला, आणि तपकिरी दिसणारे पान ओल्या काचेसारखे हिरवे झाले. पावसात अडकलात तर वैतागून परत फिरू नये, या राईत यावे.

वाटेत एक लहानसा पक्षी शेपटीचा पंखा उघडत-मिटत आपल्या मागे मागे येईल. आपल्या चालण्याने उडणारे किडे टिपायला तो येतो. त्याला काहीही खायला घालू नये.

शेवटच्या टप्प्यात वाट एकदम उभी होते. इथला दगडही बदलतो. उद्रेकाच्या वेळी हवेत उडालेला, बुडबुड्यांनी भरलेला, लालसर तपकिरी आणि हातात घेतला तर हलका वाटणारा हा चुरा आहे. सह्याद्रीतल्या घसाऱ्यावर चाललेल्यांना तो कळेल, फरक एवढाच की इथे लाकडी पायऱ्या बांधलेल्या आहेत. त्यांवरूनच चालावे. मधे थांबून घोट-घोट पाणी प्यावे, तहान लागण्याची वाट पाहू नये.

माथ्याच्या अलीकडे ज्वालामुखाचा काठ लागतो. हा खड्डा सुमारे २०० मीटर रुंद आणि ६० मीटर खोल आहे. काळा, भगभगता खड्डा दिसेल अशा अपेक्षेने आलेली मुले निराश होतात, कारण आत तळापर्यंत दाट झाडी भरलेली आहे. त्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ती झाडी बघण्याचा आनंद त्यांना मिळतो. काठाभोवती फिरून येणारी वाट जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची आहे आणि तिच्यावर गर्दी कमी असते.

माथ्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या टेहळणी ठाण्याचे काँक्रीटचे बांधकाम अजून उभे आहे. बंदर आणि हौराकी आखात इथून पूर्ण नजरेत येते, हे पाहिल्यावर ते ठाणे इथेच का बांधले हे सांगावे लागत नाही. एका अंगाला शहर, दुसऱ्या अंगाला मोतुतापूची गवताळ, मऊ टेकाडे. मोतुतापूचा खडक रांगितोतोहून कोट्यवधी वर्षांनी जुना आहे. दोन बेटांमधला काळ्या-पिवळ्या रंगांचा फरक माथ्यावरून जितका स्पष्ट दिसतो तितका खाली कुठूनही नाही. डबा इथे उघडायचा असेल तर वाऱ्याच्या आडोशाला बसावे आणि कागद, झाकणे सांभाळावीत.

लाव्हाच्या गुहा

माथ्याच्या थोडे खाली गुहांकडे जाणारा फाटा आहे. तिथपर्यंत साधारण पंधरा मिनिटे लागतात. लाव्हाच्या प्रवाहाचा वरचा थर थिजून छत झाले, आतला लाव्हा वाहून पुढे गेला, आणि मागे ही बोगद्यासारखी पोकळी उरली. ही लेणी नव्हेत आणि कपारीही नव्हेत. तळ ओबडधोबड आहे, छत मधेच खाली येते, काही जागी वाकून आणि काही जागी बसून पुढे सरकावे लागते. डोक्याला लागणारा दगड इथे कातडी फाडतो, म्हणून जाड टोपी तरी घालावी. आत शिरताना एकाने बाहेर थांबावे. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांनी तोंडाशी उभे राहून छताचा आतला भाग पाहिला तरी पुरे आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आत जाऊ नये.

परत येताना

पहिल्या भेटीत आल्या वाटेनेच उतरावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. नकाशावर इतर वाटा मोहक दिसतात. पूर्वेकडच्या इस्लिंग्टन खाडीपर्यंत रस्त्याने जाता येते, तिथून दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या बांधावरून मोतुतापूवर जाता येते, आणि खाडीपासून धक्क्यापर्यंत किनाऱ्याने परत येणारी वाटही आहे. पण ही किनाऱ्याची वाट नकाशावर सपाट दिसली तरी लाव्हाच्या ढेकळांवरून जाते. तिला साधारण दोन तास लागतात आणि घोट्यांची कसोटी लागते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला, पहिल्या बोटीने येऊन, तीन लिटर पाणी घेऊन ती करावी. उत्तर बाजूला निकामी जहाजे आणून टाकली जात असत, त्यांचे सांगाडे ओहोटीला दिसतात. तेही त्या मोठ्या फेरीसाठी राखून ठेवावे.

ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी एक हिशेब ठेवावा. तासाभराच्या वाटेला दीड तास धरावा, माथ्यावर अर्धा तास, उतरायला सव्वा तास, आणि बोटीच्या आधी अर्धा तास धक्क्यावर. यात बसत नसेल तर गुहा सोडाव्यात. गुडघे साथ देत नसतील तर माथा सोडून नेच्याच्या राईपर्यंत जाऊन परतावे, आणि उरलेला वेळ धक्क्याजवळच्या किनाऱ्यावर घालवावा. तिथे कैद्यांनी बांधलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे, जुनी घरे आहेत, तिवर आहेत. माझी आई माथ्यावर गेली नाही. तिने दोन तास त्या तिवरांपाशी आणि लाव्हाच्या मैदानाच्या काठाशी घालवले, दगडावर तळहात टेकवून तो किती तापतो ते दर थोड्या वेळाने पाहिले, आणि घरी आल्यावर तिला जेवढे सांगण्यासारखे होते तेवढे माथा गाठलेल्या आम्हा चौघांकडे नव्हते.

उतरताना गुडघ्यांवर भार येतो आणि लक्ष ढळते. बहुतेक मुरगळणे, घसरणे परतीच्याच वाटेवर होते. पाय मुरगळला तर बूट काढू नये, नाडी घट्ट करावी, सावलीत बसावे, आणि चालता येत नसेल तर १११ या क्रमांकावर फोन करावा. मुलांना पुढे पळू देऊ नये आणि सर्वांत हळू चालणाऱ्याच्या मागे कोणीतरी राहावे.

धक्क्यावर आल्यावर पिशव्यांतले डबे मोजावेत, माणसे मोजावीत, आणि बूट पुन्हा एकदा पुसावेत. हौराकी आखातातली दुसरी बेटेही अशीच जपलेली आहेत, आणि पुढच्या शनिवारी तेच बूट कदाचित तिथे जातील.